इंग्रजी पाचवीची पाणपोई

उंचावरून ओंजळीत पडणाऱ्या पाण्याला एक आवाज असतो आणि जवळून पडणाऱ्या पाण्याला दुसरा. उंचावरचे पाणी हवेत ताणले जाते, बारीक होते आणि तळव्यावर आपटून फुटते. त्यात काचेच्या बांगड्यांची किणकिण असते. जवळचे पाणी फुटत नाही. ते ओंजळीत उतरते, आणि कुणी मान डोलवून नुसते 'हं' म्हणावे एवढाच त्याचा आवाज होतो. आजही रस्त्याकडेला कुणी कुणाला पाणी देत असेल, तर मी पाठमोरी असूनही सांगू शकते की देणारा घेणाऱ्यापासून किती लांब उभा आहे. हे मी नंदुरबारच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले. ते पुस्तकात नव्हते, आणि कुणी फळ्यावर लिहूनही दिले नव्हते.

लढाईचे, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळत नसे, कागद पिवळा आणि खरखरीत येई. मी तेव्हा इंग्रजी पाचवीत, म्हणजे आजच्या नववीत होते. आमचे गाव तापीकाठचे, जमीनजुमला बऱ्यापैकी, पण गावातली शाळा प्राथमिकवरच संपत असल्यामुळे वडिलांनी मला नंदुरबारला त्यांच्या बहिणीकडे ठेवले होते. वडिलांच्या बहिणीला आमच्याकडे फुई म्हणतात. फुईला कपाळाचे कुंकू पुसून बरीच वर्षे झाली होती. घर तिचे, दोन म्हशी तिच्या, आणि घरातला कायदाही तिचाच. त्या कायद्यातले पहिले कलम पाण्याचे. बाहेरचे पाणी ती तोंडाला लावत नसे. बाजाराला निघाली तरी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या रांजणातल्या पाण्याने भरलेला पितळी तांब्या. सोयऱ्यांच्या लग्नातही ती आपल्याच तांब्यातून पाणी पिई.

दुसरे कलम वाढण्याचे. आमच्या अहिराणीत 'आणखी'ला 'आखो' म्हणतात. जेवताना फुई समोर बसे, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात जाण्याच्या आत विचारी, "आखो?" तो प्रश्न नसे, ती भाकरीच असे; ताटात पडलेली. मात्र स्वतःसाठी तिने तो शब्द उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता. जेवढे वाढून घेई तेवढ्यावर ती उठे.

शाळेत मुली मोजक्या होत्या. आमच्या वर्गात दोघीच. मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण. ती चिंचपाड्याच्या पलीकडल्या डोंगरातली, ख्रिस्ती आदिवासी शेतकऱ्याची मुलगी. घरी तिची बोली वेगळी, बाजारात अहिराणी, आणि शाळेत ती जे मराठी बोले ते इतके नेटके, की वाटावे प्रत्येक शब्द ती आधी धुऊन घेते. नंदुरबारात ती स्टेशनाजवळ, दवाखान्यात काम करणाऱ्या मावशीकडे राही. तिच्या केसांना मोहाच्या तेलाचा जड, किंचित कडवट वास येई. आधी मला तो सोसवत नसे. वर्षभरात असे झाले की ती ज्या दिवशी आली नाही, त्या दिवशी बाक रिकामा आहे हे मला डोळ्यांच्या आधी नाकाने कळे.

आणि शास्त्राचे मास्तर. अंगाने काटकुळे, काळ्या कोटावर खडूची भुकटी, आवाज इतका खालचा की वर्गाला गप्प बसण्यावाचून इलाज नसे. त्यांना काही विचारले की ते म्हणत, "तुम्हांला काय वाटतं?" मागच्या बाकांवरची मुले कुजबुजत, "मास्तरांना स्वतःला येत नाही रे, म्हणून आपल्याला विचारतात." मास्तरांच्या कानांवर ते जाई. ते हसत आणि म्हणत, "असेलही. मग कुणाला येतं, ते शोधू या."

त्या वर्षी होळी झाली आणि उन्हाने एका रात्रीत कूस पालटली. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्यांवरून वारा आला की सगळा वर्ग शिंकू लागे. अशाच एका सकाळी मास्तरांनी उष्णतेचा धडा उघडला, दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटले.

"उष्णता आत नाही, बाहेर आहे," ते म्हणाले. "शाळेच्या फाटकापासून स्टेशनापर्यंत चालत जा. परत येऊन सांगा, तिथे कुणाला काय कमी पडतं."

"काय कमी पडतं म्हणजे, सर?"

"तुम्हांला काय वाटतं?"

आम्ही गेलो आणि परत आलो. कुणी म्हणाले, रस्त्याला दिवा नाही. कुणी म्हणाले, टांग्याच्या घोड्यांना सावली नाही. वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा, एका कापूसदलालाचा, म्हणाला, "स्टेशनाचं घड्याळ मागे आहे, सर," आणि सगळे हसले. मी सांगितले, मिरचीच्या धुरळ्यात लोक ठसकत चालतात. शेवटी माझी मैत्रीण उभी राहिली.

"सुरतेकडच्या गाडीने उतरलेली माणसं बैलांच्या दगडी कोंडीतून पाणी पितात."

"बैलांच्या?" दलालाच्या मुलाने विचारले.

"हो. बैल बाजूला झाले की."

आम्ही सगळे त्याच रस्त्याने गेलो होतो, तीच कोंडी पाहिली होती, आणि मला तिच्यात फक्त पाण्यावर तरंगणारी निंबाची पिवळी पाने दिसली होती. फलाटावर पाणी होते, पण ते पाजणाऱ्याच्या मर्जीवर. आणि डोंगरातून लाकडे, मध, डिंक घेऊन येणाऱ्यांवर ती मर्जी क्वचितच होई.

मास्तरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, पाणपोई, आणि खडू दलालाच्या मुलाच्या हातात दिला. "पुढे तुम्ही."

पुढचे दिवस मला आजही वासांनी आठवतात. ओल्या वाळूचा वास, ताज्या सोललेल्या बांबूचा, वाळ्याच्या मुळ्यांचा. मुलांनी कुंभारवाड्यातून जुनी आणि नवी मडकी आणली, आणि प्रयोगशाळेतला एकुलता एक तापमापक पाळीपाळीने त्यांत बुडवून कोणते मडके पाणी किती गार करते ते पाहिले. जुने मडके दिसायला देखणे, पण त्याची छिद्रे बुजलेली, म्हणून पाणी कोमट. नवे मडके पाझरून घामाघूम, आणि पोटात गारवा. 'बाष्पीभवन' हा शब्द तोवर आमच्यासाठी पाठ करण्याचा होता. त्या दिवशी दलालाच्या मुलाने पाझरत्या रांजणाला गाल लावला आणि ओरडला, "अरे, हेच की ते!" मास्तर दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुढे कितीतरी शिक्षकांच्या चेहऱ्यांवर शोधला, आणि फार थोड्यांच्या चेहऱ्यांवर मला तो सापडला.

मग प्रश्न आला विहिरीचा. रस्त्याच्या आसपास विहिरी पुष्कळ, पण पाणी कुठले गोड, कुठले खारे, हे ज्याला त्याला आपल्या जिभेप्रमाणे. मास्तर म्हणाले, साबण फेसाळतो का पाहा. साबण लढाईने महाग केला होता. तेव्हा मीच म्हणाले, "सर, तुरीची डाळ शिजवून पाहिली तर? खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही."

"कोण म्हणतं?"

"माझी फुई."

"मग फुईंची प्रयोगशाळा चालेल का, विचारा."

शाळेत आता डाळ शिजवायला शिकवतात का, म्हणून फुईने आधी मला वेड्यात काढले. "शायमा डाय शिजाडनं शिकाडतस का आते?" पण वेगवेगळ्या विहिरींची पाणी घेऊन आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो, तेव्हा ती चुलीपुढे बसली आणि उठलीच नाही. एकेका पाण्यात मूठभर डाळ टाकी, रवीने घोटून पाही, दाणा बोटांत दाबून बघे आणि नाक मुरडी. शेवटी तेलंग्याच्या वाड्यामागच्या विहिरीच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी विरघळली. फुईचा चेहरा खुलला. "हाई पानी!" ती म्हणाली. "सांगी दे तुन्हा मास्तरले. मन्ही चूलनी पास करं म्हनीसन."

हा सगळा वेळ माझी मैत्रीण ओट्यावर बसून होती. तिला कुणी बाहेर बसवले नव्हते. ती आत आलीच नव्हती. फुईने तिलाही डाळ-भाकरी दिली, पोटभर दिली, "आखो?" असे विचारूनही दिली, पण पळसाच्या पानावर, आणि पाणी ती ओट्याखाली उतरल्यावर कडेवरून, उंचावरून. तो किणकिणता आवाज मी तेव्हा ऐकला. तेव्हा तो मला फक्त पाण्याचा वाटला.

शाळेच्या फाटकाबाहेर, मोठ्या निंबाखाली, तुराट्यांचा कूड आणि वर पळसाच्या पानांचे छप्पर असा मांडव उभा राहिला. बांबूच्या गाठी कशा मारायच्या हे मैत्रिणीने मुलांना दाखवले, दलालाच्या मुलाने मारलेली गाठ तिने एका बोटाने सोडवून दाखवली, तेव्हा तो ओशाळून हसला, "पुन्हा दाखव ना गं. हळू." नियम वर्गाने केले. बाकावर जे शेजारी, ते पाळीला जोडीने. एकाने रांजणातून तांब्या भरायचा, दुसऱ्याने ओतायचे. आणि जोडी आली नाही, तर त्या दिवशी रांजण पालथे.

पण कुणी ओतायचे, या प्रश्नापाशी येऊन गाव जागे झाले. कुणाच्या वडिलांनी, कुणाच्या काकांनी विचारले, वर्गात कोण कोण आहे, आणि कुणाच्या हातचे पाणी कुणाला मिळणार. मुले ती बोलणी शाळेत घेऊन आली. वर्गात भांडण पेटायच्या बेतात होते, तेवढ्यात दलालाच्या मुलाने तोडगा काढला.

"हातच नको," तो म्हणाला.

प्रयोगशाळेतली रबरी नळी, रांजण उंच ओट्यावर, नळीचे एक टोक पाण्यात, दुसरे बांबूच्या लांब पन्हाळीत, मध्ये लाकडी चिमटा. चिमटा सोडला की पाणी आपोआप चढे, वळे आणि पन्हाळीतून मांडवाबाहेर पडे. पाजणारा आत, पिणारा बाहेर. कुणाचा हात कुणाला दिसणारच नाही. वक्रनळीचा धडा आम्हांला अजून शिकवलाही नव्हता; त्याने तो पुढची पाने उलटून स्वतःच वाचला होता. पाण्याची पहिली धार बाहेर पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय सुंदर दिसत होते ते, हिरव्या बांबूतून उन्हात निघालेले पाणी!

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "छान वाचलंस," ते म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "पण चालतं की नाही, हे पिणाऱ्यालाच कळणार. आधी कोण पिणार?"

कुणी म्हणायच्या आत माझी मैत्रीण पुढे झाली. मांडवाबाहेर गेली, पन्हाळीपासून थोडी लांब थांबली, पदर दातांत धरला, गुडघे वाकवले, कोपर पोटाशी घेतले, मान एका अंगाला कलती केली, आणि धार पडली तेव्हा ती नेमकी तिच्या ओंजळीत पडली. एक थेंबही इकडेतिकडे गेला नाही. धारेला नुसता हात लावायला गेलेल्या आम्हां सगळ्यांचे कपडे मात्र भिजले होते.

ती प्यायली, तोंड पुसले आणि सरळ उभी राहिली.

"तुला कसं जमलं?" दलालाच्या मुलाने विचारले. त्याला खरेच कौतुक वाटले होते.

"आमच्या बाजारगावात अशीच पन्हाळी आहे," ती म्हणाली. "आमच्यासाठी. बाकीच्यांना तांब्याने देतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारले म्हणून तिने सांगितले. दलालाच्या मुलाचा हात चिमट्यावरच होता. कान लाल. पन्हाळीतून उरलेले पाणी ठिबकत होते. मग त्याने रांजणातून नळी ओढून काढली, गुंडाळली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून आला. बांबूची पन्हाळी त्याने गुडघ्यावर मोडायला घेतली. बांबू ओला होता, मोडेना. मैत्रीण म्हणाली, "राहू दे. कुडाला आधार होईल." आणि त्या दोघांनी मिळून ती कुडाला बांधली.

 

पाणपोई सुरू झाली. पहिल्या जोड्यांच्या पाळ्या सुरळीत गेल्या. गाव येऊन पाणी पिऊन जाई, आणि तेलंग्याच्या विहिरीला नावाजी. मग आमची पाळी आली, आणि ती नेमकी आठवड्याच्या बाजारच्या दिवशी आली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मास्तरांना आणि आम्हां दोघींना बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण नगरपालिकेचे सभासद त्यांच्या दारावरून रोज जात, आणि प्रत्येकाच्या पायरवाने त्यांची पाठ ताठ होई.

"मुलींनी रस्त्यावर उभं राहणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "पाळी मुलांना द्या."

मैत्रिणीने विचारले, "मुली म्हणून नको, सर, की मी म्हणून नको?"

हेडमास्तर कागद चाळू लागले. एवढ्यात दारात पावलांचा गलका झाला. अख्खा वर्ग आला होता, पुढे दलालाचा मुलगा.

"सर, मग उद्या रांजण पालथे राहतील. वर्गाचा नियम आहे."

"बाजारच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"आम्हीपण तेच एकमेकांना विचारत होतो, सर."

हेडमास्तरांनी चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिले. "हे तुम्ही शिकवलंत का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मी फक्त विचारत आलो."

शेवटी हेडमास्तरांनी अट घातली. आम्ही दोघींनी उभे राहावे. पण दुपारच्या घंटेपर्यंत गावातले एक तरी माणूस तिच्या हातचे पाणी प्यायले पाहिजे. डोंगरातून आलेले धरायचे नाहीत, शाळेतले कुणी धरायचे नाही. नाहीतर तिची पाळी कायमची रद्द.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नाही प्यायलं कुणी, तर मी दुपारच्या गाडीने घरी जाईन."

"सुट्टीपुरती?"

"मोहाची फुलं वेचायला घरी हात कमी पडतात. वडील केव्हाचे बोलावतायत. ज्या वर्गात माझ्या हातचं पाणी चालत नाही, तिथे बाष्पीभवन शिकून मी काय करू?" ती थांबली. "पेटी मी भरून ठेवली आहे."

दुसऱ्या दिवशी ती पांढरे स्वच्छ पातळ नेसून आली. केस ओले, घट्ट बांधलेले. तेल लावले नव्हते. मला तिचा वास येईना, आणि त्याने मला उगाच भीती वाटली. तिने तांब्या चिंचेने घासून झळझळीत केला. मी रांजणापाशी, ती पुढे. पाळी ओतायची तिची, भरायची माझी.

सुरतेकडची गाडी आली. डोंगरातली माणसे ओझी सावरत, धुळीने पांढऱ्या झालेल्या पायांनी रस्त्याला लागली. त्यांतला एक म्हातारा लांबच थांबला आणि तिथूनच वाकला, कोपर पोटाशी, मान कलती. ती चालत त्याच्याजवळ गेली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. म्हातारा चमकला, हसला. तिने तांब्या त्याच्या बोटांना जवळजवळ टेकवला, आणि तेव्हा मी प्रथमच तो दुसरा आवाज ऐकला. फुटण्याचा नव्हे, उतरण्याचा.

पण गाव येईना. येई, थबके, कुणीतरी कुणाच्या कानात सांगे, आणि पावले वळत. एक ओळखीचा किराणावाला ओंजळ धरून उभा राहिला, मग तिच्याकडे पाहून त्याने ओंजळ मोडली आणि मला म्हणाला, "पोरी, तू पाज ना. तीले बसू दे घडीभर."

"आज ओतानी पाळी तिन्ही शे, काका. मन्ही भरानी."

"मंग ऱ्हाऊ दे. घर जाईसन पिसू."

"काका, तोंड कोरडं पडेल शे तुम्हनं."

"पडू दे व. मन्हंच तोंड शे."

आसपासचे हसले. किराणावाला गेला नाही. पुढे काय होते ते पाहायला निंबाच्या सावलीत उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण. ऊन चढत गेले. मिरचीचा धुरळा घशात बसत होता. ज्या रस्त्यावर सगळ्यांना तहान लागली होती तिथे, वाळ्याचा गंध सुटलेले गार पाणी भरून, आम्ही दोघी कुणाला नको असलेल्यासारख्या उभ्या होतो. तिने मागे वळून पाहिले नाही. तिच्या मानेवरून घामाचा एक थेंब सरकत होता, आणि तांब्या धरलेला हात जराही खाली आला नव्हता.

शाळेचा शिपाई फाटकात आला. हातात घंटेचा हातोडा. मागे व्हरांड्यात हेडमास्तर, खांबाशी मास्तर, आणि खिडक्यांत सगळा वर्ग.

आणि बाजाराच्या बाजूने फुई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिचा तांब्या. मला पाहून ती जागीच थांबली.

"तू अठे, रस्तावर? आनि बाजारना दिन!"

माझ्याआधी शिपाईच बोलला. "त्यांचीच पाळी आहे, बाई. पण संपलीच समजा. गावातलं कुणी पाणी प्यायलं नाही. घंटा देतो आता."

"काबरं?" फुई त्याच्याकडे वळली. "पानी खारं शे का?"

किराणावाला खाकरला. "पानी चांगलं शे, बाई. पन हात..."

"हात काय? पानी तेलंगाना वाडामांगनं शे ना?"

"शे."

"मंग? ते पानी मन्ही चूलवर पास व्हयेल शे. मन्ही डाय खोटं बोलस का?" तिचा आवाज चढला. "बोल ना! मन्ही डाय खोटं बोलस का?"

सावलीतले लोक हसू लागले, किराणावालाही हसला. फुई हसली नाही. तिचा अपमान झाला होता. आपल्या चुलीने पारखलेल्या पाण्याला गावाने पाठ दाखवावी, हे तिला मुळीच सहन होण्यासारखे नव्हते. त्या क्षणी तिच्या मनात एवढेच होते की आणखी काही, हे मी पुढे कधी विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.

तिने पिशवी खाली ठेवली. आपल्या तांब्यातले पाणी एका हातावर घेऊन दुसरा हात धुतला, मग तो पहिला. उरलेले पायांवर ओतले. रिकामा तांब्या ओट्यावर पालथा घातला, पदर सावरून उकिडवी बसली आणि माझ्या मैत्रिणीपुढे ओंजळ धरली.

शिपायाचा हात हातोड्यासह वर तसाच राहिला.

माझी मैत्रीण पुढे झाली, पण थोडीच. म्हाताऱ्याच्या बोटांपर्यंत जाणारी ती, फुईपुढे मात्र लांब थांबली, तांब्या उंच धरला, आणि पाणी वरून पडले. तोच काचेचा आवाज. थेंब फुईच्या कपाळावर, लुगड्यावर उडाले.

"दूर काय उभी शे व माय?" फुई करवादली. "मन्हं लुगडं भिजाडी ऱ्हायनी. अठे ये."

ती पुढे झाली. एक पाऊल, मग आणखी एक. तिची सावली फुईच्या हातांवर पडली. तांब्या खाली आला, आणि पाणी न फुटता ओंजळीत उतरू लागले. फुई डोळे मिटून पीत होती. घोट घशातून जाताना तिच्या गळ्याच्या शिरा हलत होत्या. मला फक्त तो बारीक, जवळचा आवाज ऐकू येत होता.

तांब्या रिकामा झाला. फुईने ओंजळ मोडली नाही. हनुवटीवरून पाणी ओघळत असताना तिने डोळे उघडले, रांजणापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले, आणि जो शब्द तिने आजवर फक्त दुसऱ्यांच्या ताटात वाढला होता, तो म्हणाली,

"आखो."